तिकीट कोणी वाटायचं? प्रायमरी, एबी फॉर्म आणि राबणारे कार्यकर्ते

एडिसनकर
इकडच्या मराठी मंडळींच्या गप्पांत नोव्हेंबरची निवडणूक असते, जूनची कधीच नसते. पण आमच्या न्यू जर्सीत बऱ्याच जागांचा निकाल जूनमध्येच लागलेला असतो. मतदारसंघ एका पक्षाचा बालेकिल्ला असला की त्या पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायची निवडणूक, जो जिंकला तोच निवडून आला म्हणून समजा.

आता आतापर्यंत ही प्रायमरीसुद्धा नावापुरतीच असायची. 'काउंटी लाइन' नावाचा प्रकार होता. काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या, पक्षाध्यक्षाने ज्यांच्या डोक्यावर हात ठेवला ते सगळे मतपत्रिकेवर एका ओळीत, सिनेटरपासून गावच्या पदापर्यंत. बाकीचे लांब कोपऱ्यात, शोधावे लागतील असे. २०२४ मध्ये सिनेटच्या जागेसाठी तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्या काउंट्यांच्या पक्षाध्यक्षांनी लगेच त्यांना ओळ देऊन टाकली. समोर होते खासदार अँडी किम. त्यांनी थेट फेडरल कोर्टात दावा लावला. मार्चअखेर कोर्टाने त्या प्रायमरीपुरती डेमोक्रॅटिक पक्षाची काउंटी लाइन थांबवली. त्याच्या काही दिवस आधीच मर्फीबाईंनी माघार घेतली होती. किम आज सिनेटर आहेत.

२०२५ ला गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षातच सहा उमेदवार होते आणि कोणालाच ओळीचा आधार नव्हता. मी त्यातल्या एकासाठी दारोदार फिरलो. आमचा उमेदवार पडला, ते जाऊ दे. पण एरवी ज्यांचं फक्त पत्रक येतं ते लोक इझेलिनमध्ये डोशाच्या दुकानात येऊन बसले, आमच्याकडच्या मालमत्ता कराबद्दल आणि रेल्वेच्या गोंधळाबद्दल बोलले. कारण सहा जणांत मतं वाटली गेली की शे-दोनशे मतांचा गट हातचा घालवून चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की प्रायमरीतून सर्वोत्तम उमेदवार निघतो असं नाही. पण चुरस असली की कार्यकर्त्याला किंमत येते. आपल्याकडे भारतात हे शक्य आहे का? तिकडे प्रत्यक्ष काम केलेल्यांची मतं वाचायला आवडतील.

टवाळ_बोका
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

सतरंजीवाला
एडिसनकर, तुमच्या उमेदवाराला हरायला तरी मिळालं. आमच्याकडे ती सोय नाही.

मी पुण्यातला. पक्षाचं नाव सांगत नाही, सगळीकडे सारखंच आहे. मतदार यादी हातात घेऊन घरोघर जायचं, मयत आणि स्थलांतरित नावांवर खुणा करायच्या, चिठ्ठ्या वाटायच्या, मतदानाच्या दिवशी टेबल लावून बसायचं आणि दुपारी चारनंतर 'काकू अजून आल्या नाहीत' म्हणून त्यांच्या जिन्यावर धापा टाकत चढायचं. ही कामं करणारी पोरं वर्षानुवर्षं तीच असतात.

मग उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस येतो. ज्यांनी हा दिवस जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ए फॉर्म म्हणजे पक्षातर्फे सही करायचा अधिकार कोणाला आहे ते सांगणारा कागद, आणि बी फॉर्म म्हणजे त्या अधिकाऱ्याने 'हाच आमचा उमेदवार' असं सांगणारा कागद. सही शाईचीच लागते, शिक्का चालत नाही. बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराच्या नावालाही जागा असते. दुपारी तीनला खिडकी बंद. म्हणून फॉर्म अकरा-बाराच्या सुमाराला बाहेर पडतात, म्हणजे ज्याला डावललं त्याला दुसऱ्या पक्षात पळायला वेळच उरू नये.

मागच्या वेळी आमच्या प्रभागात ज्याला फॉर्म मिळाला त्याने आदल्या रात्री पक्षप्रवेश केला होता. सकाळी त्याच्या गळ्यातलं उपरणं इतकं नवं होतं की घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. आम्ही त्याच्यासाठी पुन्हा त्याच याद्या घेऊन फिरलो. लोक दारातच विचारायचे, 'अहो, गेल्या वेळी तुम्ही याच्याच नावाने बोटं मोडत होतात ना?'

कोपरखळी
मग काय उत्तर दिलंत?

सतरंजीवाला
म्हटलं, 'चिन्ह बघा, माणूस बघू नका.'

टवाळ_बोका
=)) हे वाक्य फ्लेक्सवर छापा.

मंद्र
धागा चांगला आहे, पण प्रायमरीला फार डोक्यावर घेऊ नये.

एक तर ती अमेरिकेतही वाटते तितकी जुनी नाही. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात पुढारी नाव ठरवत होते आणि बाहेर रस्त्यांवर पोलीस निदर्शक पोरांना झोडपत होते. त्या नामुष्कीनंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला, नियम बदलले आणि राज्यांनी भराभर प्रायमऱ्या सुरू केल्या. गंमत म्हणजे १९७२ ला नव्या नियमांनी उमेदवारी मिळवली ती खुद्द मॅकगव्हर्न यांनी, आणि ५० पैकी ४९ राज्यांत ते हरले.

दुसरं, मतदार किती? जूनच्या उन्हात जे मत द्यायला जातात ते पक्षाचे कट्टर लोक. म्हणून २०१४ मध्ये व्हर्जिनियात एरिक कॅन्टरसारखा प्रतिनिधिगृहातला बहुमताचा नेता डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरला. कॅन्टरने ५० लाख डॉलर्सच्या वर खर्च केले होते, ब्रॅटने त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतके. ऐकायला छान वाटतं. पण त्यानंतर प्रत्येक रिपब्लिकन खासदार नोव्हेंबरपेक्षा प्रायमरीला घाबरायला लागला. समोरच्या पक्षाशी तडजोड केली की आपल्याच पक्षातून कोणी तरी उभा राहणार ही भीती.

आणि तिसरं, प्रायमरी हे वगळण्याचंही हत्यार होतं. टेक्ससमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष म्हणायचा, आम्ही खासगी संस्था, आमच्या प्रायमरीत फक्त गोरे मत देणार. राज्यात दुसऱ्या पक्षाला विचारतो कोण, त्यामुळे काळ्यांचं नोव्हेंबरचं मत असून नसल्यासारखं. १९४४ साली सुप्रीम कोर्टाने हे बंद केलं.

एडिसनकर
मंद्र, मतदान कमी होतं हे मान्य. पण कॅन्टरच्या जागी पर्याय काय होता? त्याला न विचारता पुन्हा तिकीट. 'कट्टर साठ हजार' आणि 'बंद खोलीतले सहा' यांत मी साठ हजार घेईन.

बेळगावी_कुंदा
आमच्या श्री ठाणेदारांचं नाव अजून कोणी काढलं नाही? चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत बसलाय आणि तो प्रायमरीतूनच गेलाय!

२०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उतरले, ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, हे तिसरे आले. मग राज्याच्या विधानसभेत गेले. २०२२ ला डेट्रॉइटच्या जागेवरून संसदेसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर जिंकले.

अभिमान आहेच बघा. पण एडिसनकरांच्या मुद्द्याला हे उदाहरण थोडं उलटं जातं. खर्च बराचसा स्वतःच्या खिशातला होता. शहर मोठ्या संख्येने कृष्णवर्णीयांचं, त्यांची मतं बाकीच्यांत विभागली आणि जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. तिथल्या लोकांनी यावर बरीच हळहळ व्यक्त केली. चुरस होती, पण १०० मतदारांमागे ७२ जणांना दुसरंच कोणीतरी हवं होतं.

क्वीन्सवासी
कुंदा, यावर न्यूयॉर्कने औषध काढलं आहे. आमच्या महापालिकेच्या प्रायमरीत २०२१ पासून पसंतिक्रम देता येतो, पाच नावांपर्यंत. शेवटचा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात असतं तसंच.

२०२५ च्या जूनमध्ये महापौरपदाच्या प्रायमरीत त्यामुळे उमेदवारांची वागण्याची पद्धतच बदलली. झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असून 'पहिलं मत मला, दुसरं याला' सांगत एकत्र फिरत होते. समोर माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो, मोठं नाव, मोठे देणगीदार. ममदानी सुरुवातीला चाचण्यांत खिजगणतीतही नव्हते. शेवटच्या फेरीत ५६ विरुद्ध ४४.

याच भागात २०१८ ला ओकासिओ-कॉर्टेझने जो क्राउली या दहा वेळा निवडून आलेल्या खासदाराला पाडलं होतं. त्या प्रायमरीत मिळून तीसेक हजार मतं पडली, मतदारसंघाची वस्ती सात लाखांच्या आसपास. मंद्र म्हणतील, बघा किती कमी. मी म्हणेन, एवढ्या कमी मतांवर खेळ असतो म्हणूनच पायी फिरणाऱ्या पोरांना वाव मिळतो. पन्नास जण रोज संध्याकाळी जिने चढले तर निकाल फिरतो. टीव्हीवरच्या जाहिरातीला मात्र कळत नाही की या इमारतीत पक्षाचे नोंदणीकृत मतदार फक्त चार दारांत आहेत. आमच्या फोनवरच्या यादीला ते कळतं.

अवांतर: एच-१बी वाल्यांनो, तुम्हाला मत देता येत नाही, देणगीही देता येत नाही, पण विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. ग्रीन कार्ड असेल तर देणगीही चालते. आमच्या टोळीत अशी बरीच मंडळी होती. घरी बायकोला सांगून बघा, 'ज्याला मत देता येत नाही त्याच्यासाठी शनिवार घालवतोय.'

आरतीताई_ठाणे
बायकोला सांगून?? स्वयंसेवक काय फक्त नवरेच असतात का? :)

क्वीन्सवासी
ताई, चूकभूल द्यावी घ्यावी. टोळीची म्होरकी बाईच होती आणि ती भयंकर कडक होती.

वर्धेकर
थांबा, थांबा. तुम्ही सगळे न्यूयॉर्क-डेट्रॉइट फिरून आले, पण प्रायमरी आमच्या वर्ध्यात होऊन गेली हे कोणाच्या ध्यानात नाही काय?

२०१४ ची लोकसभा. राहुल गांधींनी देशात मोजक्या मतदारसंघांत प्रयोग केला, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मतदार म्हणजे सगळी जनता नाही, पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले स्थानिक लोक. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे विरुद्ध प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. म्हणजे लोकशाही आली ती दोन घराण्यांच्या मधातच आली. मेघे जिंकले. मग मुख्य निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांनी त्यांना पाडलं. आणि त्याच वर्षी पावसाळ्यात दत्ताभाऊ मुलांसकट भाजपात! आता सांगा बाप्पा, ज्यांनी प्रायमरीत मतं दिली त्यांनी कोणाकडं बघायचं?

लातूरचे उमेदवारही पडले. बडोद्यात तर अजून मजा. तिथं प्रायमरीतून नरेंद्र रावत निवडले, आणि मोदी त्या जागेवर उभे राहणार म्हटल्यावर रावत बाजूला झाले, मधुसूदन मिस्त्री आले. पुन्हा त्या प्रयोगाचं कोणी नाव काढलं नाही.

मंद्र
+१. हेच म्हणायचं होतं. मतदार कोण हे वरून ठरलं की प्रायमरी म्हणजे बंद खोली जरा मोठी केली इतकंच.

कोपरखळी
पैशाचं काय? आता एकदाच लक्ष्मीदर्शन होतं. प्रायमरी आली की दोनदा. मतदार खूश, उमेदवार कंगाल, आणि निवडून आल्यावर दुप्पट वसुली.

क्वीन्सवासी
न्यूयॉर्क शहरात रहिवाशाच्या छोट्या देणगीवर महापालिका आठपट रक्कम घालते, अट ही की खर्चाची मर्यादा पाळायची. त्यामुळे १० डॉलर देणाऱ्याच्या दारात जाणं परवडतं.

कोपरखळी
आमच्या महापालिकेने आठपट घातले तर रस्ते कशाने बुजवणार? हलकं घ्या.

टवाळ_बोका
आत्ता कशाने बुजवतात?

तात्या_वकील
थोडं कायद्याचं. आपल्याकडे पक्षाची नोंदणी होते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ए खाली. निवडणूक आयोग पक्षांतर्गत पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका घ्यायला सांगतो, कागद मागवतो. पण उमेदवार कसा निवडायचा यावर कायदा गप्प आहे. मंद्र यांनी टेक्ससचं उदाहरण दिलं ते इथे लागू पडतं. पक्ष ही खासगी संस्था की सार्वजनिक, हा प्रश्न अमेरिकेने कोर्टात आणि राज्यांच्या कायद्यांत सोडवला. तिथे प्रायमरी सरकारी यंत्रणा घेते, सरकारी मतपत्रिकेवर. आपण तो प्रश्न विचारलेलाच नाही.

पण माझी खरी शंका वेगळी आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला व्हिपप्रमाणे मत द्यावं लागतं. अमेरिकन खासदार पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, म्हणून तो कोण आहे याला महत्त्व. आपल्याकडे प्रायमरीतून कितीही कर्तबगार माणूस निवडा, सभागृहात त्याने हात कधी वर करायचा ते श्रेष्ठीच ठरवणार. मग लोकांनी चुरशीने काय निवडलं?

एडिसनकर
तात्या, मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. आमदाराचं काम फक्त सभागृहात हात वर करणं थोडंच असतं? रस्ता, पाणी, दाखला, पोलीस ठाणं, हॉस्पिटलातला बेड. त्यासाठी माणूस कोण याला महत्त्व आहेच. आणि नगरसेवकाला तर जास्तच.

तात्या_वकील
नगरसेवकापुरतं मान्य.

पंजाबी_पुणेकर
आम आदमी पक्षाने २०२२ ला पंजाबात फोन करून मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार निवडायला सांगितला होता. २१ लाखांवर लोकांनी कौल दिला, ९३ टक्के भगवंत मान. ही प्रायमरी धरायची का?

टवाळ_बोका
९३ टक्के म्हणजे प्रायमरी नव्हे, वाढदिवस.

मंद्र
त्यापेक्षा २०२२ ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक बरी म्हणायची. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. निकाल सगळ्यांना ठाऊक होता, पण विरोधात मत देणारे हजार लोक नोंदवले तरी गेले.

सांगलीकर
तुम्ही काय प्रायमरी-प्रायमरी करताय, आम्ही सांगलीत थेट मुख्य निवडणुकीतच घेतली की!

२०२४ ची लोकसभा. आघाडीत जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील. सांगली म्हणजे वसंतदादांचा जिल्हा, काँग्रेसवाले खवळले. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा. बूथवर कोण बसलं होतं ते गावात शेंबडं पोरही सांगेल. विशाल पाटील लाखभर मतांनी भाजपच्या संजयकाका पाटलांवर निवडून आले आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार लाखाच्या आतच राहिला.

आघाडी असली की प्रायमरी कोणाची घ्यायची? जागाच कोणत्या पक्षाची ते शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत नाही. अमेरिकेत दोन पक्ष, त्यांचं ठीक आहे. आमच्याकडे एका आघाडीत तीन, समोर तीन, आणि वर मैत्रीपूर्ण लढती.

आरतीताई_ठाणे
सांगलीकरांचा मुद्दा बिनतोड आहे. मी अजून एक घालते.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के जागा आहेत. कागदावर उत्तम. पण कोणता प्रभाग महिलांसाठी ते सोडतीत निघतं. सोडत निघाली की संध्याकाळपर्यंत प्रभागात नवे फ्लेक्स. काल 'दादांचा वाढदिवस', आज तोच फोटो बारीक होऊन कोपऱ्यात गेलेला आणि मध्ये वहिनी, हात जोडून. वहिनींना वॉर्डाची हद्द माहीत नसते. ज्या बायका बचत गट चालवतात, रेशनच्या रांगेत भांडतात, नळाला पाणी नाही म्हणून हंडा मोर्चा घेऊन अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जातात, त्यांच्याकडे तिकीट मागायला दारच नाही. श्रेष्ठींच्या बंगल्यावर त्यांना कोण सोडणार?

वर्धेकर म्हणतात तशी पदाधिकाऱ्यांपुरती प्रायमरी झाली तर वहिनीच जिंकणार, कारण पदाधिकारी दादांचे. पण प्रभागातल्या सगळ्या सभासद बायकांना मत असेल तर माझ्या ओळखीच्या दोन-तीन जणी वहिनींना घाम फोडतील. पैसे नसताना.

कोपरखळी
ताई, एकदम टाळ्या. पण सभासद कोण? आता मिस्ड कॉल दिला की सभासद. माझ्या सासऱ्यांना कोणीतरी परस्पर सभासद केलंय, त्यांना मेसेज आल्यावर कळलं.

तात्या_वकील
खरी मेख तिथे आहे. सभासद यादी विश्वासार्ह नाही तर प्रायमरीच्या आदल्या दिवशी ट्रकने सभासद येतील. अमेरिकेत पक्षनिहाय नोंदणी सरकारी मतदार यादीत असते, निदान बऱ्याच राज्यांत. न्यूयॉर्कमध्ये तर पक्ष बदलायची मुदत प्रायमरीच्या कितीतरी आधी संपते. आपल्याकडे सरकारदरबारी 'मी अमुक पक्षाचा' असं लिहून देणं मला तरी धोक्याचं वाटतं. मग त्या प्रभागात पाणी कोणाला येईल आणि कोणाला नाही हे यादी बघून ठरेल.

वर्धेकर
हे मात्र खरं बोलले वकीलसाहेब.

सतरंजीवाला
सगळं वाचलं. मला एवढं मोठं काही नको. आमच्या प्रभागात जेवढी बूथं आहेत तेवढे बूथप्रमुख आहेत. त्यांची नावं पक्षाकडे आहेत, त्यांनी काम केलंय का हे गल्लीला माहीत आहे, ट्रकने आणता येत नाहीत. त्यांना एका हॉलमध्ये बसवा, इच्छुकांना पाच-पाच मिनिटं बोलू द्या, चिठ्ठ्या टाका, तिथेच मोजा. निकाल श्रेष्ठींना मानायचा नसेल तर नका मानू, पण आकडा भिंतीवर लावा. 'याला इतकी मतं होती, तरी आम्ही त्याला दिलं' हे सगळ्यांना दिसू दे.

हे मी आमच्या शहराच्या बैठकीत बोललो होतो. अध्यक्षांनी 'सूचना चांगली आहे' म्हणून वहीत लिहून घेतली आणि चहा मागवला.

मंद्र
ही सूचना मला धाग्यातली सगळ्यात कामाची वाटते. यात पुन्हा मतदार कोण हे पक्षच ठरवतो, पण आधी ठरवतो आणि कामावरून ठरवतो.

आरतीताई_ठाणे
बूथप्रमुखांत बायका किती ते आधी मोजा, मग हॉल घ्या.

सतरंजीवाला
ताई, आमच्याकडे फार कमी. टेबलावर बसायला असतात, प्रमुख म्हणून नाव नवऱ्याचं. बरोबर आहे तुमचं.

एडिसनकर
सतरंजीवाला, पुढच्या निवडणुकीत काय करणार? पुन्हा याद्या घेऊन फिरणार?

सतरंजीवाला
फिरणार की. पण या वेळी अर्जही भरणार, अपक्ष. पोरं म्हणतात, 'दादा, पडशील.' पडेन. पण अर्ज भरल्यापासून माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत श्रेष्ठींना आमच्या गल्लीचा पत्ता बरोबर सापडतो. त्या वेळात आमच्या नाल्याच्या भिंतीचं आणि बंद पडलेल्या दवाखान्याचं लेखी मागून घ्यायचं ठरलंय. तात्या, त्या कागदाला कायद्याने काही किंमत असते का हो?

तात्या_वकील
काडीची नाही. तरी सही शाईची घ्या.